पाचशे ऐंशी ग्रॅम

सात वाजता दिवसपाळी सुरू व्हायची आणि सव्वासातला वजनं. त्या विभागात हा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ती ओढली होती तराजूबाईंनी. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटापुरतंच. एकोणीस वर्षं अपुऱ्या दिवसांच्या बाळांची शुश्रूषा करणाऱ्या या नर्सबाईंना सगळा मजला तराजूबाई म्हणायचा. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

वजनाचं एवढं काय मोठं, असं नव्याने आलेल्यांना वाटायचं. तराजूबाई त्यांना एकदाच समजावून सांगत. बाळ तीन किलोचं असेल तर वीस ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही अडत नाही. पण सगळं बाळच सहाशे ग्रॅमचं असेल, तर त्याचं औषध, सलाईनचं पाणी, नळीतून जाणारं दूध हे सगळं त्या सहाशेने गुणून ठरतं. आकडा चुकला की पुढचं सगळं चुकलं. "काटा चुकला की डॉक्टरांची अक्कलपण चुकते," असं त्या म्हणत, आणि डॉक्टर जवळपास असले तर जरा मोठ्याने म्हणत.

त्यांच्या हाताला तर काट्याचीही गरज नव्हती. बाळ दोन्ही तळव्यांवर घेतलं की त्या आकडा सांगायच्या आणि तो दहा ग्रॅमच्या वर कधी चुकायचा नाही. डॉक्टरांनी दोनदा पैज लावून बघितली आणि दोनदा सगळ्यांना चहा पाजला.

विभाग तसा लहानच. आठ काचेच्या पेट्या, प्रत्येकीच्या डोक्याशी एक पडदा, त्यावर हिरव्या-निळ्या रेघा. आत पाऊल टाकलं की आधी स्पिरिटचा वास, मग ऊब. अगदी लहान बाळांच्या पेट्यांत वाफ सोडलेली असायची, त्यामुळे काचेवर आतून दव साचे आणि बाळ बघायचं तर थांबून बघावं लागे. आवाज खालच्या पट्टीत. पायातल्या चपला रबरी. कुणी ट्रे जोरात ठेवला तर तराजूबाई नुसत्या बघायच्या, आणि त्या माणसाच्या हातून महिनाभर काही आपटायचं नाही.

तिसऱ्या पेटीतली मुलगी चोविसाव्या आठवड्यात जन्मली होती. जुळ्यांतली धाकटी. जन्मताना सहाशे वीस ग्रॅम. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा नकाशासारख्या दिसायच्या, आणि हात एवढासा की तराजूबाईंच्या करंगळीला तिची सगळी बोटं मिळून जेमतेम विळखा घालायची. थोरली तिच्याआधी सात मिनिटं जन्मली आणि अकरा मिनिटं राहिली. त्यानंतर सगळ्यांचे हात धाकटीकडे लागले होते.

आई एका वाचनालयात कामाला होती. सवयच असल्याने ती कुजबुजतच बोलायची, त्यामुळे तराजूबाईंची तिच्यावर पहिल्या दिवसापासून मर्जी. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातून चार दिवस घरी. ती रोज दहाला यायची, कोपरापर्यंत हात धुवायची, दुधाची छोटी बाटली मावशींकडे द्यायची आणि पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून बसायची. मावशी म्हणजे विभागातल्या सफाई करणाऱ्या, उचलठेव करणाऱ्या बाई. वयाने सगळ्यांत मोठ्या आणि तोंडाने सगळ्यांत मोकळ्या.

"हिचं नशीब थोर म्हणायचं," मावशी एकदा म्हणाल्या. "दोघींचं आयुष्य एकटीला मिळालं."

"काहीतरीच बोलू नका," तराजूबाई म्हणाल्या. आई समोरच होती. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं.

आठव्या दिवशी धाकटी पाचशे ऐंशीवर होती. अशी बाळं आधी उतरतात आणि मग चढू लागतात, त्यात नवल नव्हतं. नवव्या दिवशी काट्याने सहाशे पंचवीस दाखवले.

एका दिवसात पंचेचाळीस. तराजूबाईंनी फडकं बदललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. पुन्हा सहाशे पंचवीस. त्यांनी तो आकडा लिहिला आणि डॉक्टरांना दाखवला.

"पाणी साठतंय," डॉक्टर म्हणाले. "हृदयाजवळची रक्तवाहिनी अजून मिटली नाही. फुप्फुसं ओली होतील. सलाईन कमी करा."

सलाईन कमी झालं. दहाव्या दिवशी सहाशे ऐंशी. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि लघवी वाढवायचं औषध सुरू केलं. बाळ सुजलेलं दिसत नव्हतं. उलट गाल आत गेल्यासारखे वाटत होते, आणि तराजूबाईंच्या हातांना ती सहाशे ऐंशीची लागलीच नव्हती. पण एकोणीस वर्षं ज्या काट्याच्या जोरावर त्यांनी लोकांना शहाणपण शिकवलं, तो काटा समोर होता. त्यांनी हातांचं ऐकलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी धाकटी श्वास घ्यायला विसरली.

एवढ्या लहान बाळांचं ते नेहमीचंच. मेंदू कच्चा असतो, श्वास घ्यायचा हेच लक्षात राहत नाही. पडदा टिटवीसारखा ओरडतो, नर्स पेटीत हात घालते, तळपायावर टिचकी मारते, बाळ दचकून श्वास घेतं आणि कामं पुढे सुरू. त्या सकाळी तासाभरात नऊ वेळा झालं. सातव्या वेळी टिचकीने भागेना, फुग्याने श्वास द्यावा लागला. आठव्या वेळी अंगाचा रंग राखेसारखा झाला. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. रक्ताचा रिपोर्ट आला तो पाण्याविना सुकत चाललेल्या बाळाचा.

"सुकतेय कशी?" डॉक्टर म्हणाले. "वजन तर वाढतंय. आजचं करा बघू."

तराजूबाईंनी काट्यावर फडकं घातलं, शून्य केलं. मावशींनी नळ्या आणि वायरी वर धरल्या. बाळ ठेवलं. सातशे चाळीस.

त्यांनी नेहमीप्रमाणे फडक्यासकट बाळ उचललं नाही. वायर अडकली होती म्हणून नुसतं बाळ उचललं. तळव्यांवर ती आली आणि हातांनी सांगितलं, पाचशे साठ. त्यांनी खाली बघितलं.

काटा एकशे ऐंशी दाखवत होता.

बाळ त्यांच्या हातांत होतं. काट्यावर एक कोरडं फडकं होतं आणि ते आधीच शून्यात धरलेलं होतं. एकशे ऐंशी. आकडा लुकलुकत नव्हता, हलत नव्हता. मावशी वायरी सोडवण्यात गुंतल्या होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाचशे साठ."

"आणि काल सहाशे ऐंशी कसं होतं?"

"काल माझी चूक झाली."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. एकोणीस वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी औषध बंद केलं, सलाईन वाढवलं, आणि संध्याकाळपर्यंत धाकटीचा रंग परत आला. आई दहापासून बोट आत घालून बसली होती, जेवायलाही उठली नाही. जाताना ती तराजूबाईंचा हात धरून म्हणाली, "तुमच्यामुळे वाचली." तराजूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यामुळेच ती मरायला टेकली होती, हे या बाईला सांगायचं कुठल्या तोंडाने?

काटा दुरुस्तीला गेला. दुरुस्तीवाल्याने पितळी वजनं ठेवून बघितली, एक ग्रॅमचाही फरक निघाला नाही. बदली आलेला काटा नवा कोरा. इतर सात पेट्यांपाशी तो नीट चालायचा. तिसऱ्या पेटीपाशी आणला, फडकं घालून शून्य केलं, की क्षणभर शून्य राहायचं आणि मग आकडा चढू लागायचा. एक, चार, अकरा. गळक्या नळाखाली भांडं भरावं तसा. दोनशेच्या आसपास येऊन तो थांबायचा.

तराजूबाई घाबरट नव्हत्या. अंधारातल्या जिन्याला, रिकाम्या घराला त्या कधी भ्यायल्या नाहीत. पण हे भर सकाळी, खिडकीतून ऊन आत येत असताना, त्यांच्या स्वतःच्या काट्यावर होत होतं. त्याला भ्यायचं कसं हेच त्यांना कळेना. मग त्यांनी कामाच्या माणसाने करावं तेच केलं. काम होईल अशी रीत बसवली. फडकं घालायचं. थांबायचं. आकडा चढून स्थिर झाला की पुन्हा शून्याचं बटण दाबायचं, आणि मग बाळ ठेवायचं. तेवढ्याने धाकटीचं वजन बरोबर येत होतं.

"बाई, रिकाम्या काट्यासमोर कसली वाट बघता?" मावशींनी एकदा विचारलं.

"स्थिर व्हायला वेळ लागतो त्याला."

"नवा ना तो?"

"नवा आहे म्हणूनच."

मावशींनी मान डोलावली, पण त्यानंतर वजनाच्या वेळी त्या तिसऱ्या पेटीकडे आपण होऊन फिरकेनात. वायरी धरायला हाक मारावी लागे, आणि धरतानाही त्या तोंड दुसरीकडे करत.

धाकटी वाढू लागली. सहाशे, साडेसहाशे, सातशे. श्वासाचं यंत्र निघालं, नाकाशी साधी नळी आली. मेंदूचा फोटो चांगला आला. डोळे तपासणारे डॉक्टर येऊन गेले आणि तूर्त काळजी नाही म्हणाले. आणि रोज सकाळी, तिच्याआधी, ते दुसरंही वाढत होतं. दोनशे चाळीस. तीनशे दहा. साडेचारशे.

पस्तिसाव्या दिवशी ते पाचशे ऐंशीवर आलं, आणि तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी पाचशे ऐंशी. तिसऱ्या दिवशी पाचशे ऐंशी. तिसऱ्या दिवशी तराजूबाईंना तो फॉर्म आठवला, आणि त्या काट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. कामाच्या वेळेत त्यांना बसलेलं कुणी बघितलं नव्हतं.

थोरलीचं वजन कुणी केलंच नव्हतं. ती आली, डॉक्टरांनी इवल्याशा घशात नळी घालायची खटपट केली, तोवर धाकटी आली, आणि अकराव्या मिनिटाला थोरलीचं हृदय थांबलं तेव्हा तराजूबाईंचे दोन्ही हात धाकटीच्या छातीवर होते. मावशींनी थोरलीला गुंडाळून नेलं. दुपारी फॉर्म भरायचा तर वजनाचा रकाना रिकामा. रिकामा रकाना ऑफिसात चालत नाही. खाली शवागारात जायचं, ते गाठोडं सोडायचं, काट्यावर ठेवायचं. तराजूबाईंना ते करवलं नाही. एवढं ओझरतं बघितलेलं होतंच, आणि त्यांचा अंदाज कधी चुकला होता? त्यांनी लिहून टाकलं, पाचशे ऐंशी. त्यांच्या अक्षरातला न मोजलेला आकडा असा तो एकच.

त्याच दिवशी आईने धाकटीला पहिल्यांदा छातीवर घेतलं. उघड्या कातडीला उघडी कातडी, वरून पांघरूण. अशाने बाळाचा श्वास सुधारतो, ऊब टिकते. आई आरामखुर्चीत मागे रेलली होती आणि धाकटी तिच्या डाव्या बाजूला बेडकीसारखी चिकटली होती. आईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण चेहरा शांत होता.

"सिस्टर," ती कुजबुजली, "ही डावीकडेच आहे ना?"

"हो. का गं?"

"उजवीकडेपण ऊब लागतेय."

"पांघरूण आहे ना वरून."

तिने धाकटीच्या पाठीवर पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "थोरलीचं वजन किती होतं हो? मला कुणी दाखवलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, बघशील तर विसरता येणार नाही. आता ना बघितलीय, ना विसरता येतंय."

हीच वेळ होती. मोजलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. तराजूबाईंनी तोंड उघडलंही. पण त्या बाईचा चेहरा बघून त्यांना वाटलं, हिच्या हातात काहीतरी तर पडू दे.

"पाचशे ऐंशी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे जन्मताना हिच्याहून चाळीसच कमी." आईने उजवा हात पांघरुणाखाली नेला आणि तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी काट्याने सहाशे दाखवले.

पुढचे सहा दिवस तराजूबाईंच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट गेले. ते दुसरं रोज वीस-पंचवीस ग्रॅमने वाढत होतं आणि धाकटी आठशे साठवर अडकली होती. दूध वेळेवर, पुरतं, नळीतून शेवटच्या थेंबापर्यंत पोटात जात होतं. उलटी नाही, पोट फुगलेलं नाही, शी ठीक. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जंतू शोधले, पोटाचा फोटो काढला. सगळं उत्तम. फक्त बाळ वाढत नव्हतं, आणि त्या वयात न वाढणं म्हणजे एक-एक दार बंद होत जाणं. सहाव्या दिवशी ती पुन्हा श्वास विसरू लागली.

"दूध जातंय तरी कुठं?" डॉक्टर म्हणाले.

ते दूध कुठे जातं ते तराजूबाईंनी सकाळीच वाचलं होतं. सातशे पाच.

त्या दुपारी आई गेल्यावर त्यांनी वजनाच्या तक्त्याचा एक कोरा कागद घेतला. वर लिहिलं, 'जुळ्यांतली पहिली'. खाली तारीख, आणि तारखेपुढे ७०५. असं का केलं हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की जे इतक्या दिवसांपासून रोज सकाळी येऊन काट्यावर बसतंय, त्याला मोजून घ्यायचं असेल. तर मोजावं. आणि मोजलं की लिहावं. दुसरं त्यांना येत तरी काय होतं? कागद धाकटीच्या फायलीत सगळ्यांत शेवटी लावला.

सकाळी धाकटी आठशे ब्याऐंशीवर होती.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि नव्या जीवनसत्त्वाला श्रेय दिलं. तराजूबाई ताकास तूर लागू देत नव्हत्या. रोज दोन आकडे लिहायच्या. आधी तिचा, मग हिचा. एके दिवशी घाईत आधी धाकटीचा लिहिला, तर त्या दिवशी दुपारी धाकटी दोनदा श्वास विसरली. तेव्हापासून क्रम चुकला नाही.

अठराशे दहा ग्रॅमवर धाकटीला घरी सोडायचं ठरलं. त्या सकाळी आधी लिहायचा तो आकडाही अठराशे दहाच होता. दोन्ही तक्ते पहिल्यांदा एकाच रेषेत आले होते. तराजूबाईंनी ठरवलं होतं की शेवटची नोंद झाली की तो जादाचा कागद फाडून टाकायचा. पण तेवढ्यात पाचव्या पेटीचा पडदा ओरडला, त्या धावल्या, आणि तिथून मोकळ्या झाल्या तेव्हा बारा वाजले होते. तिसरी पेटी रिकामी होती. ऑफिसच्या कारकुनाने फायलीतले सगळे तक्ते एका पाकिटात घालून आईला दिले होते.

"जाताना रडली बाई ती," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला शोधत होती."

तराजूबाईंनी काटा तिसऱ्या पेटीपाशी आणला. फडकं घातलं, शून्य केलं आणि उभ्या राहिल्या. शून्य. मिनिट गेलं, दोन गेली. शून्यच. त्यांचे खांदे खाली आले. गेलं, त्या मनाशी म्हणाल्या. ते कुठे गेलं हा प्रश्न त्यांना त्या दिवशी सुचला नाही. घरी जाऊन त्या खूप दिवसांनी पोटभर जेवल्या.

घरी सोडलेल्या बाळांना दर गुरुवारी तपासायला बोलवत. विभागाला लागूनच एक छोटी खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक काटा, वर पंखा. आई आठव्या दिवशी अकराच्या सुमाराला आली. डाव्या हातावर धाकटी, आणि उजव्या हाताच्या बेचक्यात एक घडी घातलेलं फडकं. जादाचं आणलं असेल, असं तराजूबाईंना वाटलं.

आई छान दिसत होती. केस विंचरलेले, डोळ्यांत झोप नसली तरी समाधान. तिने धाकटीला टेबलावर ठेवलं.

"आधी थोरलीचं करा, सिस्टर," ती कुजबुजली. "तिला थांबवत नाही."

तराजूबाई काही बोलायच्या आत तिने ते फडकं काट्यावर पसरलं.

आकडा चढत गेला नाही. एकदम आला. दोन हजार एकशे चाळीस.

"छान भरलीय ना?" आई म्हणाली.

तराजूबाईंनी ते फडकं उचललं नाही. दुसऱ्या काट्यासाठी त्या आत विभागात गेल्या, तो घेऊन आल्या आणि त्यावर धाकटीला ठेवलं. सोळाशे चाळीस. आठ दिवसांत एकशे सत्तर ग्रॅम कमी. मांडीवर कातडीच्या चुण्या पडल्या होत्या. डोळे मोठे दिसत होते. ती रडत नव्हती, आणि ते न रडणं तराजूबाईंना चांगलं ओळखीचं होतं.

"हिला दूध किती वेळा पाजतेस?"

"थोरलीचं आधी होतं. उरेल ते हिचं." आईने दोघींच्या, म्हणजे टेबलावरच्या दोन्ही काट्यांच्या मधे हात ठेवला. "दोघींना पुरेल एवढं येत नाही हो मला."

"अगं, ऐक माझं." तराजूबाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "थोरली गेली. अकरा मिनिटं होती ती. मी तिथं होते."

"मला तर कुणी दाखवली नाही."

"पण मी सांगतेय ना तुला."

आईने पर्समधून तो कागद काढला आणि उलगडून टेबलावर ठेवला. घड्यांवर तो मऊ झाला होता. शेवटच्या नोंदीखाली तिने स्वतःच्या बारीक अक्षरात आठ दिवसांचे आठ आकडे लिहिले होते.

"वरचं अक्षर तुमचंच आहे ना?"

खोटं लिहिलं होतं, असं म्हणायला तराजूबाईंनी ओठ उघडले. पण त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक आकडा त्यांनी डोळ्यांत तेल घालून मोजला होता. खोटा आकडा एकच होता, आणि तो दुसऱ्याच फॉर्मवर होता.

"धाकटीला इथं ठेवून घ्यावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "आत्ताच. नाहीतर ही हाताला लागायची नाही."

त्यांना वाटलं, आता ती रडेल, हात जोडेल, मीपण राहते म्हणेल. सगळ्या आया म्हणतात.

"ठेवून घ्या," आई म्हणाली. "तुम्ही नीट बघाल. मला एकीचंच झेपतं."

तिने कागदाची घडी घातली. मग काट्यावर वाकून ते फडकं उचललं. उचलताना दुसरा हात वरच्या टोकाखाली घातला, मान सांभाळायला घालतात तसा, आणि तेव्हाच आकडा शून्यावर आला.

दारात ती थांबली. तराजूबाईंनी धाकटीला उचलून पुढे केलं, निदान एकदा वळून बघेल म्हणून.

वर पंखा जोरात फिरत होता. आईने फडक्याचं टोक ओढून वारा लागणार नाही असं नीट केलं, आणि ती जिना उतरून गेली.